फ्रान्समधील मोटारविरहित ग्रामवाटा : नोंद, निगा आणि वापर

फ्रान्सच्या बर्गंडी प्रदेशातील क्लुनी हे लहानसे गाव इ. स. ९१० मध्ये स्थापन झालेल्या मठामुळे इतिहासात प्रसिद्ध आहे. अलीकडच्या काळात या गावाला आणखी एका कारणाने नाव मिळाले. येथील जुन्या रेल्वेस्थानकापासून उत्तरेस जिव्री या गावापर्यंत जाणारा ४४ किलोमीटर लांबीचा एक मार्ग १९९७ साली खुला झाला. पूर्वी त्यावरून आगगाडी धावत असे. रूळ काढून टाकल्यानंतर आता तेथे सायकलस्वार आणि पादचारी जा-ये करतात. मोटारगाडीला मज्जाव आहे. 'हरित मार्ग' या नावाने पुढे फ्रान्सभर जे जाळे विणले गेले, त्याचा आरंभ या मार्गापासून झाला असे मानले जाते.

हा मार्ग स्वतः डांबरी आहे. परंतु त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षमळ्यांतून, कुरणांतून आणि रानांतून खडीच्या व मुरमाच्या वाटा फुटतात. जाड टायरची सायकल घेऊन या वाटांवर निघालेल्या प्रवाशाला पुष्कळदा तासन् तास एखाददुसऱ्या ट्रॅक्टरखेरीज वाहन भेटत नाही. शहरातून आलेल्या पाहुण्याला ही शांतता निसर्गाची देणगी वाटते. वस्तुतः तसे नाही. त्याच्या चाकाखालची वाट कोणाच्या तरी मालकीची आहे, तिची कोठेतरी नोंद आहे आणि ती बुजू नये म्हणून कोणीतरी दरवर्षी झटत आहे. बहुतेक ठिकाणी हे काम काही शे लोकवस्तीच्या गावाच्या निर्वाचित संस्थेकडे असते. ज्या गावाने नोंद, निगा आणि वापर या तीन गोष्टी सांभाळल्या, तेथील वाट टिकली. ज्याने त्या सांभाळल्या नाहीत, तेथील वाट नांगराखाली गेली. ग्रामीण मालमत्तेच्या रक्षणाचा प्रश्न म्हणून या वाटांचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे.

वाटा कोठून आल्या

फ्रान्सच्या ग्रामीण भागातील मोटारविरहित वाटांचे उगमाच्या दृष्टीने तीन मुख्य प्रकार करता येतात.

पहिला प्रकार जुन्या ग्रामवाटांचा. शेतावर, रानात, गिरणीकडे किंवा शेजारच्या वस्तीकडे जाण्यासाठी शतकानुशतके वापरात असलेल्या या वाटा आपल्याकडील पाणंदीची आठवण करून देतात. नेपोलियनच्या काळात, १८०७ च्या कायद्यान्वये, देशभर जमिनीची मोजणी व नकाशे तयार करण्याचे काम सुरू झाले. त्या नकाशांत प्रत्येक शेताच्या तुकड्याला क्रमांक आहे. सार्वजनिक वाट मात्र क्रमांक नसलेली पांढरी पट्टी म्हणून दाखविलेली असते. आजही एखाद्या वाटेविषयी वाद उद्भवला की प्रथम हा जुना नकाशा उघडला जातो. १८३६ च्या कायद्याने गावांना जोडणाऱ्या रस्त्यांच्या दुरुस्तीसाठी ग्रामस्थांकडून वर्षाकाठी जास्तीत जास्त तीन दिवसांची अंगमेहनत घेण्याची तरतूद केली. रोख रक्कम भरून तीतून मोकळीक मिळविता येत असे. १८८१ साली शेतवाटांसाठी स्वतंत्र कायदा झाला.

दुसरा प्रकार कालव्याकाठच्या वाटांचा. नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी व माणसांसाठी कालव्याच्या काठाने वाट राखलेली असे. तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्राकडे जाणारा २४० किलोमीटर लांबीचा मिदी कालवा पिएर-पोल रिके याच्या योजनेनुसार १६६६ ते १६८१ या काळात खोदला गेला. १९९६ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. पश्चिमेकडील ब्रिटनी प्रदेशातील नाँत–ब्रेस्त कालवा ३६४ किलोमीटरचा असून तो १८४२ साली संपूर्ण खुला झाला. इंग्रजी आरमाराने समुद्रात नाकेबंदी केली असता ब्रेस्त बंदराला आतल्या मार्गाने रसद पोहोचावी, हा त्यामागील मूळ हेतू होता. गेर्लेदाँ येथे धरण झाल्यावर या कालव्याचा एक भाग जलाशयात बुडाला व सलग नौकानयन संपले. परंतु काठची वाट राहिली. आज तिच्या बऱ्याच भागावर दाबून बसविलेल्या वाळू-खडीचा थर असून सायकलीच्या शांत प्रवासासाठी ती नावाजलेली आहे.

तिसरा प्रकार बंद पडलेल्या लोहमार्गांचा. मंत्री शार्ल द फ्रेसिने यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेस १७ जुलै १८७९ च्या कायद्याने मूर्त रूप आले आणि आडवळणाच्या तालुक्यांपर्यंत रेल्वे नेण्याचे काम सुरू झाले. पुढे मोटारबसची स्पर्धा वाढल्यावर, विशेषतः १९३० नंतर, असे अनेक फाटे तोट्यात जाऊन बंद झाले. रूळ निघाले, पण भराव, खोदाई, पूल आणि बोगदे जागेवरच राहिले. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही. म्हणून हे मार्ग डोंगराळ मुलखातही सौम्य चढाने जातात. दक्षिणेकडील बेदारिये ते माझामे हा सुमारे ८० किलोमीटरचा मार्ग याचे उत्तम उदाहरण होय. ओ-लांगदोकच्या डोंगरपायथ्याने पूल व बोगदे ओलांडीत जाणाऱ्या या मार्गावर वृद्ध व मुलेही सायकल चालवू शकतात.

खडी एकच, हक्क निरनिराळे

सायकलस्वाराला या सर्व वाटा सारख्याच दिसतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांत मोठा भेद आहे, आणि वाटेचे भवितव्य त्या भेदावरच ठरते.

फ्रान्समधील स्थानिक स्वराज्याचा सर्वांत लहान घटक म्हणजे 'कोम्यून'. देशात असे सुमारे पस्तीस हजार घटक असून त्यांतील पुष्कळांची लोकसंख्या पाचशेहूनही कमी आहे. प्रत्येक कोम्यूनला निर्वाचित परिषद असते व परिषद आपल्यातून मेयरची निवड करते. ७ जानेवारी १९५९ च्या आदेशाने कोम्यूनच्या रस्त्यांची दोन भागांत विभागणी झाली. 'कोम्यूनचे रस्ते' म्हणून वर्गीकृत झालेले रस्ते सार्वजनिक मालमत्तेत मोडतात. ते विकता येत नाहीत, कितीही वर्षे अतिक्रमण राहिले तरी त्यांवर कोणाचा हक्क उत्पन्न होत नाही आणि त्यांची दुरुस्ती कोम्यूनवर बंधनकारक असते. उरलेल्या वाटा 'ग्रामवाटा' या वर्गात राहिल्या. त्या लोकांच्या वापरासाठी खुल्या असल्या तरी कोम्यूनच्या खाजगी मालमत्तेत मोडतात.

या एका शब्दाचे परिणाम दूरगामी झाले. ग्रामवाट वापरात राहिली नाही, तर जाहीर चौकशीनंतर ती विकता येते. तिची दुरुस्ती करणे कोम्यूनवर बंधनकारक नाही. शिवाय शेजारच्या शेतकऱ्याने ती नांगरून तीस वर्षे उघडपणे, अखंड व मालकीच्या भावनेने ताब्यात ठेवली, तर तो तिच्यावर मालकी सांगू शकतो.

याखेरीज तिसरा एक वर्ग आहे. शेजारशेजारच्या जमीनमालकांनी केवळ आपल्या शेतांवर जाण्यायेण्यासाठी ठेवलेली वहिवाटीची वाट त्यांच्याच मालकीची असते. ती लोकांसाठी बंद करण्याचा त्यांना अधिकार असतो. नकाशावरील तुटक रेघ पाहून निघालेल्या सायकलस्वारास वाटेत साखळी आडवी आढळते ती बहुधा अशा ठिकाणी.

वाट नाहीशी कशी होते

ग्रामवाट एका दिवसात नाहीशी होत नाही. गाव ओस पडू लागते, बैल व घोडे जातात, ट्रॅक्टर येतो. अरुंद वाटेने ट्रॅक्टर जात नाही, म्हणून शेतकरी दुसरीकडून जातो. वाटेवर काटेरी झुडपे माजतात. काही वर्षांनी कडेचा मालक झुडपे तोडतो व दोन्ही बाजूंची शेते एक करून पेरणी करतो. कोणी हरकत घेत नाही, कारण तेथून कोणी जातच नसते. नव्या पिढीला तेथे वाट होती हेही ठाऊक नसते.

विसाव्या शतकात जमिनीच्या एकत्रीकरणाने या प्रक्रियेला वेग दिला. १९४१ च्या कायद्यानंतर विखुरलेले तुकडे एकत्र करून यंत्रशेतीस सोयीची मोठी शेते बांधण्याची मोहीम देशभर चालली. उत्पादनाच्या दृष्टीने तिचा लाभ झाला, हे नाकारता येत नाही. परंतु ब्रिटनीसारख्या प्रदेशांत झाडांच्या कुंपणांचे बांध आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या खोलगट, सावलीच्या वाटा मोठ्या प्रमाणावर सपाट झाल्या. त्यांच्या जागी ट्रॅक्टरसाठी सरळ, रुंद खडीचे रस्ते आले. आज सायकलस्वार ज्या खडीवरून जातात तिचा काही भाग या एकत्रीकरणाचीच निष्पत्ती आहे. अशा रीतीने एकाच धोरणाने जुन्या वाटा पुसल्या आणि नव्याही दिल्या.

दुरुस्तीच्या बाबतीत लहान कोम्यूनपुढे एक खरा पेच असतो. ग्रामवाटेची दुरुस्ती बंधनकारक नाही; परंतु कोम्यूनने एकदा ती वाहतुकीयोग्य करण्याचे काम हाती घेतले की पुढील निगेची जबाबदारी तिच्यावर येऊ शकते व दुर्लक्षामुळे अपघात झाल्यास न्यायालय तिला उत्तरदायी ठरवू शकते. तुटपुंजे उत्पन्न असलेल्या गावाचा मेयर अशा वेळी हात आखडता घेतो, यात नवल नाही. काम केल्यास जबाबदारी येते, न केल्यास वाट जाते.

कायद्याची साधने

या पेचातून मार्ग काढण्यासाठी गेल्या चाळीस वर्षांत काही उपाय योजले गेले. त्यांपैकी चार विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत.

पहिला उपाय जिल्हा योजनेचा. सत्तेच्या विकेंद्रीकरणासाठी २२ जुलै १९८३ रोजी झालेल्या कायद्याने प्रत्येक 'देपार्तमाँ'वर, म्हणजे जिल्ह्याच्या निर्वाचित संस्थेवर, फिरस्तीच्या व पदभ्रमणाच्या मार्गांची योजना तयार करण्याचे काम सोपविले. कोम्यूनच्या परिषदेने ठराव करून आपली ग्रामवाट या योजनेत समाविष्ट केली की तिला मोठे संरक्षण मिळते. मार्गाची सलगता तुटेल अशी विक्री करावयाची असेल, तर ती वाट कायम ठेवावी लागते किंवा पर्यायी वाट द्यावी लागते. अन्यथा विक्रीच रद्दबातल ठरते. एका साध्या ठरावाचे एवढे मोल आहे.

दुसरा उपाय मोटारींना आवर घालण्याचा. ३ जानेवारी १९९१ च्या कायद्याने सार्वजनिक वाहतुकीस खुले रस्ते सोडून इतर नैसर्गिक क्षेत्रांत मोटारी नेण्यास मनाई केली. ग्रामवाटा मुळात सर्वांसाठी खुल्या असल्याने त्यांवर मोटारबंदी आपोआप लागू होत नाही. तथापि शांतता, वन्यजीवन, निसर्गसौंदर्य, शेती किंवा पर्यटन यांच्या रक्षणासाठी कारणे नमूद करून काही वाटांवर मोटारी बंद करण्याचा अधिकार मेयरला मिळाला.

तिसरा उपाय 'हरित मार्ग' या संकल्पनेला कायदेशीर व्याख्या देण्याचा. देशव्यापी सायकलमार्ग व हरित मार्गांचा आराखडा १९९८ मध्ये मंजूर झाला होता. १६ सप्टेंबर २००४ च्या नियमाने मोटारविरहित वाहने, पादचारी व घोडेस्वार यांच्यासाठी राखीव असलेला मार्ग अशी हरित मार्गाची व्याख्या वाहतूकसंहितेत आली. त्यामुळे मार्गाच्या तोंडाशी लावलेल्या फलकाला कायद्याचे बळ लाभले. कालव्यांच्या बाबतीत निराळी अडचण होती. जलमार्गांच्या जुन्या नियमांनुसार काठच्या वाटेवर वाहन नेण्यास परवानगी लागे. जलमार्ग प्रशासन व स्थानिक संस्था यांच्यात करार करून ती दूर करण्यात आली. काठाचा मूळ उपयोग कायम ठेवून सायकलमार्ग म्हणून होणाऱ्या वापराचा व निगेचा भार स्थानिक संस्थेने उचलावा, असे या करारांचे सर्वसाधारण स्वरूप असते.

चौथा उपाय सर्वांत अलीकडचा आहे. २१ फेब्रुवारी २०२२ च्या कायद्याने कोम्यूनच्या परिषदेला आपल्या हद्दीतील सर्व ग्रामवाटांची गणना करण्याचा ठराव करता येतो. असा ठराव होताच अतिक्रमणकर्त्याची तीस वर्षांची मुदत मोजणे थांबते. जाहीर चौकशी करून दोन वर्षांच्या आत परिषदेने वाटांची यादी संमत करावयाची असते. वाटेची सलगता राखून शेजारच्या मालकाशी जमिनीची अदलाबदल करण्याची मुभाही याच कायद्याने दिली. त्यामुळे शेताच्या मधोमध जाणारी वाट बांधाच्या कडेने नेऊन वाद मिटविणे शक्य झाले.

या साऱ्या तरतुदींच्या मुळाशी ग्रामीण संहितेतील एक जुने तत्त्व आहे. लोकांची जा-ये असणे, किंवा कोम्यूनने वाटेवर वारंवार देखरेख वा निगा केलेली असणे, यावरून ती लोकांच्या वापराची असल्याचे गृहीत धरले जाते. आणि अशी वाट, उलट सिद्ध होईपर्यंत, कोम्यूनची समजली जाते. सायकलीच्या चाकाची खूण हा या अर्थाने वाट जिवंत असल्याचा पुरावा होय.

खडीच्या वाटेची बांधणी व निगा

खडीची वाट स्वस्त असते, परंतु बिनकामाची नसते. चांगल्या वाटेत खाली मोठ्या दगडांचा दबाई केलेला थर, त्यावर बारीक खडी व दगडाची भुकटी आणि वर पाणी मारून रोलरने बसविलेला वाळूमिश्रित थर असतो. पृष्ठभाग मध्ये किंचित उंच किंवा एका बाजूस उतरता ठेवतात. अशा वाटेचा खरा शत्रू पाणी होय. चर बुजले की पाणी वाटेवरून वाहते, बारीक माल वाहून जातो व नुसते गोटे उरतात. म्हणून पानगळीनंतर चर व मोऱ्या साफ करणे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी कडेचे गवत कापणे ही दोन कामे वेळच्या वेळी झाली, तर मोठ्या दुरुस्तीची पाळी क्वचित येते.

झाडांची निगा हाही महत्त्वाचा भाग आहे. मिदी कालव्याच्या काठी सावली देणारी व मुळांनी काठ धरून ठेवणारी चिनारवर्गातील सुमारे ४२,००० झाडे होती. २००६ मध्ये तेथे बुरशीचा एक घातक रोग आढळला. त्यावर औषध नसल्याने हजारो झाडे तोडून जाळावी लागली व अन्य जातींची लागवड हाती घ्यावी लागली. एका शतकाची सावली थोड्या वर्षांत जाऊ शकते, याचा हा धडा होता.

सायकलीच्या रचनेचाही येथे संबंध येतो. गुळगुळीत रस्त्यासाठी केलेली पातळ टायरची सायकल खडीवर घसरते. पस्तीस ते पंचेचाळीस मिलिमीटर रुंदीचे, कमी दाबाचे टायर धक्के सोसतात व पकड देतात. ही कल्पना फ्रान्सला नवी नाही. सेंत-एतियेन येथील पोल द विवी (१८५३–१९३०) यांनी १८८७ मध्ये सायकलविषयक नियतकालिक सुरू केले व डोंगराळ, खडबडीत मुलखासाठी अनेक गिअर व रुंद टायर यांचा आयुष्यभर पुरस्कार केला.

गावाला लाभ, प्रवाशाला मर्यादा

सायकलस्वार हळू जातो, वारंवार थांबतो आणि फार सामान नेत नाही. त्यामुळे पाव, पाणी, जेवण व मुक्काम यांसाठी तो वाटेवरील गावावर अवलंबून असतो. कालव्याच्या दारांवरील रक्षकांची जुनी घरे काही ठिकाणी उपाहारगृहे वा विश्रामस्थाने झाली आहेत. 'सायकलस्वारांचे स्वागत' अशा अर्थाच्या राष्ट्रीय मानचिन्हासाठी मुक्कामाची जागा सायकलमार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असावी लागते आणि तेथे सायकली सुरक्षित ठेवण्याची जागा व दुरुस्तीची साधने असावी लागतात. याचा अर्थ असा की, मार्ग तुटला तर केवळ प्रवासी नव्हे, तर त्यावर विसंबलेला गावचा व्यवसायही तुटतो.

तथापि लाभाबाबत अतिशयोक्ती टाळली पाहिजे. अनेक लहान गावांत दुकान उरलेले नाही. जेथे आहे तेथे ते दुपारी व बहुधा सोमवारी बंद असते. अनुभवी सायकलस्वार गावच्या दफनभूमीकडे वळतात, कारण फुलझाडांसाठी तेथे हमखास नळ असतो. वाट असली म्हणून समृद्धी येईलच असे नाही. परंतु वाट नसेल तर प्रवासी येण्याची शक्यताच संपते.

वाट सर्वांची असल्याने प्रत्येकाला काही पथ्ये पाळावी लागतात. सुगीच्या दिवसांत ट्रॅक्टरला बाजू द्यावी, गुरांच्या कुरणाचे फाटक उघडल्यास पुन्हा लावावे, पादचारी व घोडेस्वार यांच्यापुढून वेग कमी करून जावे, हे शिष्टाचार सर्वमान्य आहेत. शरद ऋतूपासून हिवाळा संपेपर्यंत शिकारीचा हंगाम असतो. रानात हाका चालू असल्याचा फलक दिसला तर सायकलस्वाराने सावध राहावे, शक्य तर वाट बदलावी. क्लुनीच्या दक्षिणेस बोआ-क्लेअर येथे सुमारे १,६०० मीटर लांबीचा जुना रेल्वेबोगदा सायकलमार्गात घेण्यात आला आहे. हिवाळ्यात तेथे वटवाघळे शीतनिद्रा घेतात, म्हणून त्या महिन्यांत बोगदा बंद ठेवतात. मार्ग खुला करण्याइतकेच तो योग्य वेळी बंद ठेवणे हेही व्यवस्थापनाचे अंग आहे.

निष्कर्ष

फ्रान्सच्या अनुभवाचे सार थोडक्यात सांगता येते. मोटारविरहित वाट निर्माण करण्यासाठी दर वेळी नवी जमीन संपादन करावी लागली नाही; पूर्वजांनी, कालवा खोदणाऱ्यांनी व रेल्वे बांधणाऱ्यांनी मागे ठेवलेली जमीन हातची जाऊ दिली नाही, हेच मुख्य कार्य होते. त्यासाठी जुना नकाशा तपासून यादी करावी लागली, परिषदेत ठराव करावा लागला, चर साफ ठेवावे लागले आणि लोकांना त्या वाटेने जाण्यास प्रवृत्त करावे लागले. यांपैकी कोणतेही काम दिपवून टाकणारे नाही. परंतु तीस वर्षांच्या दुर्लक्षाने जे कायमचे गमावले जाते, ते वाचविण्याचा दुसरा मार्गही नाही. सायकलस्वार संध्याकाळी गावात पोहोचतो तेव्हा त्याला ना ठरावाची नोंदवही दिसते, ना साफ केलेली मोरी. त्याला केवळ वाट सलग लागली, एवढेच जाणवते. ग्रामसंस्थेच्या चोख कामाची पावती ती हीच.